नावेच्या मागे उभा केलेला माणूस

नाव रंगनाथ किसनराव कावरखे, वय एक्केचाळीस, धंदा शेती, शिवाय गावच्या वाचनालयाचा कारभार पाहतो, म्हणून मला मास्टर म्हणतात. राहणार मौजे डोहपिंपरी, तालुका वसमत. भाद्रपद महिना, सन १९४४.

समक्ष हजर राहून सांगतो की, हा जबाब मी पोलीस अमीनसाहेबांपुढे देत असलो तरी चौकीच्या दाराबाहेर आमच्या गावच्या भोईआळीची माणसे उभी आहेत, आणि मी त्यांनाही उद्देशून बोलतो. भोईआळीच्या भावांनो, बायांनो, तुमच्या उजव्या खांद्यावर एक काळा घट्टा आहे. तो नावेचा आहे. तुमच्या बापांनाही तो होता. आज तो एका विधवेच्या खांद्यावर पडू लागला आहे. अमीनसाहेबांनी येथे "तकरीर नको, हकीकत सांगा" असे बजावले. भाषण सोडून हकीकत सांगतो.

आमच्या गावाजवळ पूर्णा नदीला पायी ओलांडता येईल असा उतार नाही. पलीकडे जाण्यास एक नाव आहे. नाव आणि पलीकडची निम्मी जमीन संपतराव पाटलांची आहे. नाव चालवणारा सोनाजी भोई होता. पावसाळ्यात रात्रीतून पाणी चढते, म्हणून नाव रोज संध्याकाळी दरडीवर चढवावी लागते आणि सकाळी पुन्हा पाण्यात सोडावी लागते. दरड काळ्या मातीची आहे, चिखल गुडघ्यापर्यंत येतो. रीत अशी की भोईआळीतल्या प्रत्येक घराने एक माणूस द्यावा आणि त्याने नावेच्या मागे उभे राहून खांदा लावावा. याची मजुरी नाही. नाव वर चढली की तीच माणसे पलीकडून आलेली संपतरावांची पोती कोठीवर नेतात. त्याचीही मजुरी नाही. पोत्यांचे काम मूळ रीतीत नव्हते. माणसे हाताशी आहेतच, म्हणून तेही रीत झाले.

या वर्षी सोनाजीने एक मोडकी बैलगाडी घेतली. वरची बैठक काढून टाकली आणि चाके लहान करून बसवली, त्यामुळे गाडा जमिनीलगत आला. मागच्या बाजूला बाभळीच्या दोन गोल लाटा, म्हणजे आडवे रूळ, बसवल्या, त्या फिरत. पुढे पडक्या विहिरीवरचे मोटेचे चाक बसवून त्यावरून मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, घेतला. गाडा उलटा पाण्यात उतरवायचा, चाकांना दगड लावायचे, नावेचे नाक लाटांवर टेकवून त्याला नाड्याचे एक टोक बांधायचे आणि दुसऱ्या टोकाला बैल जुंपून दरडीवर चालवायचे. नाव लाटांवरून गाड्यावर येऊन बसे. मग तेच बैल गाडा वर ओढत. सकाळी गाडा पाण्यात नेला की नाव आपल्या वजनाने घसरून जाई. चढताना ती मागे घसरू नये म्हणून पुढच्या मोटेच्या चाकाच्या खाचेत एक लाकडी अडणी, म्हणजे पाचर, ठोकण्याची सोय होती. ती ठोकली की नाडा जागच्या जागी आवळून बसे. एक माणूस बैलांपाशी आणि एक अडणीपाशी, इतकेच लागत. नावेच्या मागे कोणीही लागत नसे. हे वाक्य खाली रेघ मारून लिहावे.

पहिल्या संध्याकाळी नाव गाड्यावर बसून वर आली तेव्हा मी तेथे होतो. सोनाजी नावेला म्हणाला, "चल बाई, बस. आमच्या बापजाद्यानं दुसऱ्याच्या पालख्या वाह्यल्या. तुला बैलाची पालखी आणली." त्याची बायको नानीबाई म्हणाली, "मला लग्न करून आणलं तवा पायी चालवलं. अन् हिला गाडी व्हय?" माणसे हसली. कोणी खांदा लावला नाही. सगळे लवकर घरी गेले. संपतरावांची मुगाची पोती काठावर पडून राहिली आणि पहाटेच्या सरीत भिजली.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळण्याआधी संपतराव स्वतः काठावर आले. सोबत त्यांचा राखणदार हिरासिंग होता. त्यांचा सालगडी थावरा मळ्यातली मोटेची जोडी घेऊन आला होता. संपतरावांनी भोईआळीची सगळी माणसे बोलावून घेतली. सोनाजीला म्हणाले, "तुझं डोस्कं लई चालून राहिलं. चालव गाडा. पण बैल माझे लागतील. नाव माझी हाय."

मोटेच्या बैलाविषयी सांगतो. तो विहिरीच्या उतरत्या धावेवरून खाली जातो, पाण्याने भरलेली मोट वर येते, रिकामी होते. मग तो तोंड न फिरवता उलट्या पावलाने मागे येतो, तेव्हा मोट पुन्हा विहिरीत जाते. जन्मभर तो हेच करतो. पाठीमागे नाडा लागला आणि धावेइतके चालून झाले की तो थांबतो आणि मागे येतो. मारले तर अधिक जोराने मागे येतो. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. संपतरावांच्या मळ्यात तीन मोटा चालतात.

सोनाजी म्हणाला, "मालक, हे मोटंचे बैल हायेत. धाव सरली की मागं येतेत. माझी गाडीची जोडी इथंच उभी हाय, ती जुपू द्या."

संपतराव म्हणाले, "मागं येतेत तर तू काहून हाईस? जा नावंच्या मागं. लाव खांदा."

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. दाराबाहेर उभे आहेत त्या सर्वांनीही ऐकले.

सोनाजी म्हणाला, "मंग अडणीपाशी कोण?"

संपतराव म्हणाले, "अडणी तुझ्या खांद्याची."

थावराने मान खाली घालून बैल जुंपले. सोनाजी पाण्यात कमरेपर्यंत उतरला आणि नावेच्या मागे गेला. मी अडणीकडे धावलो. हिरासिंगने काठी आडवी धरून मला अडवले आणि म्हणाला, "मास्टर, तुमी पेपर वाचा." बैल दरडीवर चढले. नाव लाटांवर निम्मी आली. तेथे बैल थांबले. थावरा ओरडला, "सोनाजी, हो बाजूला!" बैल मागे आले. लाटा जशा पुढे फिरत तशाच उलट्या फिरल्या. सोनाजीने उत्तम लाटा बसवल्या होत्या, त्या कुठेही अडकल्या नाहीत. नाव त्याच्या छातीवर येऊन त्याला घेऊन चिखलात बसली.

तो ओरडला नाही. संपतराव म्हणाले, "फळी फुटली का बघा."

फळी फुटली नव्हती. त्याला काढायला माणसे पाण्यात शिरली, तेव्हा हिरासिंगने त्यांना आधी पोती उचलायला लावले, आभाळ आले होते म्हणून. पोती कोठीवर पोहोचल्यावर नाव हलवण्यात आली. ती खांद्यांनीच हलवण्यात आली.

पंचांनी लिहून दिले आहे की मयत आपल्याच गाड्याने मेला. गाडा मनुष्यघातकी ठरवून संपतरावांनी आपल्या कोठीच्या अंगणात साखळीने बांधून ठेवला आहे. नाव पुन्हा खांद्यावर चढते. सोनाजीला मूलबाळ नाही. तिसऱ्या संध्याकाळी हिरासिंग त्याच्या झोपडीपुढे जाऊन म्हणाला, "घराचा खांदा रिकामा ठिवता येत न्हाई." नानीबाई उठून गेली. तिला सोनाजीच्या जागी उभे करण्यात आले.

मी तिला विचारले, काही सांगायचे आहे का. ती म्हणाली, "चिखलात त्याचा पटका पायाला लागला, दादा. वळखू आला. वाकता आलं न्हाई. खांद्याला नाव व्हती."

गाड्याने माणूस मारला, हे खोटे आहे. गाड्याला मागे माणूस नको होता. मागे माणूस संपतरावांना हवा होता, कारण मागे उभा असलेला माणूसच पुढे पोते उचलतो. त्यांनी बैल निवडून आणले, अडणी मोकळी ठेवली आणि सोनाजीला त्याच्याच तोंडून धोका ऐकून घेतल्यावर तेथे पाठवले. माझी फिर्याद अपघाताची नाही, खुनाची आहे. नानीबाईला रोज संध्याकाळी त्याच जागी उभे करतात, तेही या फिर्यादीत धरावे.

हा जबाब मराठीत लिहून घेऊन दार उघडे ठेवून वाचण्यात आला. मी ऐकला, बाहेरच्यांनी ऐकला, नानीबाईने ऐकला. मी बोललो तेच यात आहे, पदरचे काही घातलेले नाही, म्हणून खाली सही करतो. सहीच्या आधी बाहेरच्यांसाठी एक ओळ लिहून घ्यावी, ही माझी विनंती अमीनसाहेबांनी मान्य केली. ती ओळ अशी:

भोईआळीच्या लोकांनो, आज दिवस मावळताना नाव काठाला लागेल आणि तुम्हाला हाक येईल. नदीवर सगळे जा, नानीबाईला मधे घ्या, आणि नावेच्या मागे एकानेही उभे राहू नये.

सही, रंगनाथ किसनराव कावरखे.