दादाच्या वाटणीचे खडे

—न्हाय न्हाय मामा, तुमचे तुमच्यापाशीच राहू द्या, दादाचे खडे वहिनीच वेचणार— देवीला वाहायला माणशी पाच चुनखडीचे, बरोबर ना? आणि घरातलं कुणी येरमाळ्याला येऊ शकलं न्हाय तर त्याच्या नावाचे घरच्यानंच वेचायचे, तेवढं ठावं हाय मला. सोलापुरात राहत असलो तरी येडेश्वरी आमचीच की. दादा म्हंजे राघवेंद्र, थोरला भाऊ माझा— व्हिएतनामात हाय. ऐकलं न्हाय नाव? अहो रोज रेडिओवर तेच— बघा, एका देशाचे दोन तुकडे, भाऊभाऊ बांधावरून एकमेकांच्या उरावर बसलेले, आणि समुद्रापलीकडनं अमेरिका उठून एकाच्या बाजूनं मधी पडली— साधीसुधी न्हाय, विमानं, तोफा, दोन लाखांवर फौज. आपल्याकडं निजामावर पोलीस ॲक्शन झाली, पाच दिवसांत उरकली. तिथं वर्ष उलटलं, बॉम्ब पडायचं थांबत न्हाय. हेलिकॉप्टर म्हणून असतं एक, जागच्या जागी वर उठतं, कावळ्यागत—

छे, लढायला कशाला जातोय तो. मिल्ट्रीतला कारकून. मागं तिथं तह झाला, तो कोण मोडतंय बघायला कमिशन नेमलं, त्यात आपली माणसं— हा टाईपरायटर घेऊन बसायचा. ह्यानं गोळी झाडली, लिहा. त्यानं झाडली, लिहा. गावभर मारामारी आणि आमचं पोरगं पंचनामा करतंय, असं म्हणून तात्या हसायचे— वडील आमचे. आता हसत न्हाईत. दिवाळीच्या तोंडावर कमिशनचं विमान उत्तरेकडं निघालं, दादा त्यात, आणि मधल्या जंगलावर— काय न्हाय. उतरलं न्हाय, सापडलं न्हाय. कुणी म्हणतं ह्यांनी पाडलं, कुणी म्हणतं त्यांनी. पण तुम्हीच सांगा, पत्र्याचा तुकडा दिसल्याबिगर माणूस गेला कसं म्हणायचं?

ती बघा, बाभळीपाशी, हिरव्या लुगड्यातली— वनमाला वहिनी. व्हय, कुंकू हाय की. असणारच. आमची द्वारका आत्या हाय ना, तिनं घरात घोळ घातलाय— गेलेल्याच्या नावानं खडा वेचू नये म्हणती, ह्या यात्रेला काय ते ठरवा, न्हायतर सुनेला माहेरी धाडा. मी म्हटलं, चला, वहिनीच ठरवतील. त्यांनी दादाचे वेचले की आत्याचं तोंड बंद. म्हणून घेऊन आलो. मी रोज बातम्या ऐकतो, त्यांना सांगतो— आज एक वैमानिक जंगलातनं जिता निघाला, आज कुणी कैदी सुटला— त्या भाकरी थापत ऐकतात. लई धीराच्या. फक्त काल एस्टीत म्हणाल्या, "भाऊजी, अमेरिकेचं पुरे. एकदा कुणीतरी 'गेले' म्हणा, म्हंजे मला रडता येईल."

मी काय बोललो? मी— हेलिकॉप्टरचं सांगत बसलो. उन्हानं डोकं उठतं हो माणसाचं, त्यात एस्टी खचाखच. मनात तसलं काय न्हाय त्यांच्या. असतं तर कुंकू लावलं असतं का? आता कुंकवाची पुडी मीच आणतो म्हणा, संपायच्या आत आणून देवळीत ठेवतो, पण लावतात ना त्या? मी काय हात धरून लावतो का? असं काय बघताय मामा माझ्याकडं—

आल्या बघा. या वहिनी, हे मामा ढोकीचे, आत्ताच ओळख झाली. मिळाले का खडे? ओंजळ उघडा की— पाच. हे तुमचे झाले. दादाचे कुठं हाईत? न्हाय मिळाले? अहो तिकडं ओढ्याच्या वगळीकडं रग्गड पडलेत, मी येतो, चला— काय? जोरात बोला, हलगीत ऐकू येईना—

एकटीचेच वेचले?

वहिनी, बसा. इथं, मातीतच बसा. पदर घ्या तोंडाला—

मामा, तुम्ही जावा आता. जावा म्हणतो ना. आमच्या घरातलं माणूस गेलंय.