पडद्याबाहेर पळालेली ओळ

शेजारणीच्या मोबाईलात डोकावल्याशिवाय मला चहा जात न्हाई, हे खरं हाय. सुनीताचा नवरा टोळीसंगं ऊसतोडीला पुढं कर्नाटकात गेलता, आता तिलाही जायचं होतं. पोरीला वसतिगृहात जागा मिळाली तरच तिची शाळा टिकणार होती. वेबसाइटवरचा नियम बारीक अक्षरात, नीट दिसंना, म्हणून मी बोटांनी मोठा करून वाचला, "अर्जावर सही वडिलांची..."

"संपलं गं! तो तर तिकडं."

"थांबा आक्का, ओळ पडद्याबाहेर पळतीय, सरकवूनबी येईना."

सुनीता दुसरं ब्राउझर शोधत बसली. मी तोवर गल्लीत तिघींना नियम सांगून आले. आले तर हिचं तिसरं ब्राउझर चालू! त्यात अक्षर कितीबी मोठं करा, ओळ आपोआप मोडून खाली येत होती, बोटानं सरकवायचं कामच न्हाई. "वडिलांची"च्या खाली आलं होतं, "किंवा आईची."

सातवी शिकलेली बाई, पण काय चिकाटी! तिनं तिथंच घरात आणून ठेवलेल्या अर्जावर सही ठोकली अन् मला म्हणाली,

"आक्का, आर्धा नियम गल्लीत सांगून आलात ना? जा, आता उरलेलाबी सांगून या."