किसनरावांच्या खिशातला रिमोट

सांगा बरं, घरात एक रिमोट आणि एक नवी सून असली, तर बिघाड झाल्यावर भरोसा कोणावर ठेवाल? चिखलीच्या किसनरावांनी रिमोटवर ठेवला. टीव्ही आणि होम थिएटर, दोन्ही माझ्याच दुकानातले. टीव्हीचा आवाज कमी केला की होम थिएटर बंद पडायचं.

"सुनेनं बिघडवलं," ते मला घरी नेऊन म्हणाले. "काई बी दाबत राह्यते."

सून सासऱ्यांकडे बोट दाखवत दारातूनच म्हणाली, "शेटजी, रिमोट तं मामाजीच्याच खिशात राह्यते!"

मी तो मागून घेतला आणि आवाज कमी केला. होम थिएटर बंद. रिमोटचा जो इशारा टीव्हीला आवाज कमी करायचा, तोच होम थिएटरला बंद व्हायचा होता, आणि विकताना मी ती एकत्र लावून पाहिलीच नव्हती. होम थिएटरच्या रिमोट ओळखणाऱ्या काचेवर मी काळी चिकटपट्टी लावली. आता ते हातानंच चालू-बंद करायचं.

"किसनराव, चूक माझी."

"मशीनचं झालं," सून म्हणाली. "माह्यं काय?"

किसनरावांनी माझ्या हातातून रिमोट घेतला. मग तो सुनेपुढे धरला. "घे माय, तूच लाव."

तुम्हीही दुकानदार माणसं. चुकांचा हिशोब इमानदारीनं ठेवा; आपली चूक दुसऱ्याच्या खात्यावर टाकू नका.