शरबातली उस्तादांच्या खिशातली ओळ

टक, टकटक, टक... जिन्याच्या लोखंडी कठड्यावर अंगठी वाजायची, बाकी काही नाही, पण तुम्हाला सांगतो, माझ्या संसाराला जो घोर लागला तो त्या आवाजापासून! मी मुळात सावकाश बोलणारा माणूस, चार शब्दांच्या मध्ये माझा एक चहा होतो, पण आज मला थांबवू नका, आज थांबलो तर पुन्हा तोंड उघडायचा धीर व्हायचा नाही. कैरोत, शुब्रात आमची गल्ली, तळाला माझं इस्त्रीचं दुकान आणि तिसऱ्या मजल्यावर नसीम शरबातली उस्ताद, गाणी लिहिणारे. जिना उतरताना अंगठीनं ठेका धरायचे, खाली पोचेपर्यंत कडवं तयार. ते लिहायचे कशावर? सिगारेटच्या पाकिटावर. पाकीट कुठे? शर्टाच्या खिशात. आणि शर्ट कुठे? माझ्याकडे!

आता आमच्या धंद्यात एक कायदा आहे. माझे वडील पायानं इस्त्री करायचे, ती जुनी बोजड इस्त्री, दांडा हातात धरून वर पाऊल ठेवायचं आणि ढकलायची, तोंडात पाण्याची चूळ, फुर्र करून कापडावर फवारा... तोंडात सदा पाणी, म्हणून बोलणं कमी, माझा सावकाशपणा तिथलाच. तर ते पाणी थुंकून त्यांनी मला जन्मात एकच गोष्ट शिकवली, खिशातलं खिशात. नोट असो, चिठ्ठी असो, परक्या बाईचा फोटो असो, काढायचं, बाजूला ठेवायचं, इस्त्री झाली की परत त्याच खिशात. वाचायचं नाही. मी तर दोनच वर्षं शाळेत गेलेला, माझ्याइतका भरवशाचा इस्त्रीवाला दुसरा कुठून मिळणार?

पण एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मध्ये इख्लास आली ना. कोपऱ्यावर तिच्या बापाची उसळीची गाडी, ती वाटी पुढे करायची आणि एकदाच वर बघायची, मला उसळ खाऊन खाऊन पोटाचा त्रास झाला. तिला मागणी घालायला एक शिंपी टपून बसला होता, बोलण्यात पटाईत. आणि माझ्याजवळ बोलायला होतं काय? तोंडात पाणी! त्याच आठवड्यात उस्तादांच्या निळ्या शर्टातून पाकीट निघालं. अक्षरं जुळवत जुळवत वाचलं, ‘तुझ्या गल्लीतून जाताना माझे जोडेही हळू चालतात.’ आता तुम्हीच सांगा, हे माझंच नव्हतं का? मी तर चालतोच हळू. चित्र काढावं तशी एकेक रेघ कागदावर उतरवली, खाली तारीख आणि माझं नाव घातलं, बय्यूमी, कागद इख्लासच्या हातात दिला आणि पाकीट परत खिशात. खिशातलं खिशात! म्हणजे काही हललंच नाही, अशी मी मनाची समजूत घातली. इख्लास हो म्हणाली. शिंप्यानं दुसऱ्या गल्लीत दुकान हलवलं.

तीन महिन्यांनी, गुरुवारी लग्न आणि आदल्या मंगळवारी रेडिओवर गाणं, त्याच ओळीचं. एका खिडकीतून नाही, सगळ्या खिडक्यांतून. इख्लास धावत दुकानात आली, डोळे लाल. म्हणाली, “तुमची ओळ चोरली मेल्यानं.” तेव्हा मी बोलायला हवं होतं, मला काय कळत नाही? पण दारात मांडव घातलेला, आणि माझ्या तोंडात पाणी होतं हो, खरंच होतं. ते मी गिळलं.

तिथून चव्वेचाळीस वर्षं आमच्या घरात शरबातलींचं गाणं नाही. आणि कैरोत राहून त्यांची गाणी टाळायची म्हणजे काय थट्टा आहे? हा माणूस थांबतच नव्हता! सुरुवातीला लांब कॉलरचे शर्ट होते तेव्हा म्हातारी मंडळी कुरकुरायची, गाणं कसं तासभर चालावं, हा तीन मिनिटांत उरकतो. मग गल्लीतले अर्धे पुरुष आखातात कामाला गेले, इकडून बायका कॅसेटवर आवाज भरून पाठवायच्या, पोरगं चालायला लागलं, आईचे गुडघे धरलेत, आणि शेवटी जे बोलवत नसे तिथे उस्तादांचं एक गाणं भरायच्या. पुढे खांद्यांत गाद्या भरलेले कोट आले, गाण्यात टाळ्या आल्या, मायक्रोबसवाल्यांनी त्या टाळ्यांवर ब्रेक मारायला सुरुवात केली. मग टीव्हीवर गाणारणी वाऱ्याच्या पंख्यापुढे केस उडवायला लागल्या, तेही उस्तादांचं. आणि आता टुकटुकवाली पोरं ते धडाडधूम लावतात, त्यांना शिव्या घालायला मी बाहेर गेलो तर कळलं की यातलंही एक त्यांचंच, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लिहिलेलं! तीन हजार गाणी. कॅसेटवर गाणाऱ्याचा फोटो हा एवढा, आणि यांचं नाव शर्टाच्या कॉलरमागच्या पट्टीवर ‘गरम पाण्यात धुऊ नये’ लिहितात तेवढं. ते वाचणारा कोण? एक इस्त्रीवाला. आणि त्यालाच घरी त्यांचं कौतुक करायची चोरी. समीहच्या, आमच्या मुलाच्या लग्नात बॅण्डनं नेमकं ते जोड्यांचं गाणं धरलं, तर हिनं ढोलवाल्याच्या हातातली काठी काढून घेतली. मी काय केलं? नवरदेवाच्या कोटाची सुरकुती काढत बसलो.

बरं, परवा कॉफीवाल्या झकीनं ठरवलं की उस्तादांचा सत्कार करायचा, जिवंतपणी, गल्लीत, दुपारच्या नमाजानंतर. घरी आलो तर ही कपाट उघडून बसलेली. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते माझं पत्र, तारखेसकट. म्हणाली, “उद्या चार माणसांत विचारणार आहे. त्याला मान मिळतोय आणि तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याच्या विजारी दाबताय.” मी म्हटलं, जाऊ दे, समीहची आई, म्हातारा झालाय तो. तर म्हणते, तुम्ही फार भले आहात, म्हणूनच लोकांचं फावतं. भला! रात्रभर मला तो शब्द टोचत होता. खिशातलं खिशात, वडील सांगून गेले, पण पत्र तर पिशवीत होतं!

खुर्च्या मांडल्या, हार घातला, झकीनं भाषण केलं, त्यात निम्मं कॉफीचं कौतुक. मी शेवटच्या रांगेत. आणि ही उठली. माईक घेतला. आवाज मोठा नाही हो, मोठा असता तर बरं झालं असतं. “उस्ताद, ही ओळ माझ्या नवऱ्यानं मला लिहिली, तुमच्या गाण्याच्या तीन महिने आधी. ही तारीख. ओळ कुणाची, तेवढं सगळ्यांसमोर सांगा.” वरच्या गॅलरीतल्या ओल्या कपड्यांतून थेंब पडत होते ते ऐकू येत होते.

उस्तादांनी हिच्या हातातलं पत्र बघितलं. माझं ते चित्रासारखं अक्षर. मग मान वर करून मला शोधलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी. त्यांना सगळं कळलं, खिसा, पाकीट, सगळं, मला दिसत होतं ना कळलेलं. आणि ते म्हणाले, “बाई, खरं आहे. ओळ बय्यूमीची. दुकानात त्याच्या तोंडून ऐकली आणि मी उचलली.”

सुटलो ना मी? हिच्या चेहऱ्यावर असा उजेड आला, लग्नातसुद्धा नव्हता. गप्प राहायचं फक्त, आणि गप्प राहण्यात माझा हात कोण धरणार? पण तुम्हाला सांगतो, ती ओळ त्यांनी लग्नाआधी, आपल्या होणाऱ्या बायकोच्या, नवाल भाभींच्या गल्लीतून जाताना केली होती. भाभींना जाऊन बारा वर्षं झाली. दर ईदेला त्यांचा एक झगा माझ्याकडे इस्त्रीला येतो, घालणारं कुणी नाही, तरी येतो, मी बाह्यांना जपून इस्त्री करतो. तीन हजारांतली ती एक त्यांची स्वतःची, आणि ती माझ्या पदरात टाकून हा माणूस खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता. मग मला नाही हो राहवलं. गेलो पुढे, हिच्या हातातला माईक घेतला आणि म्हणालो, “ओळ यांची आहे. मी यांच्या निळ्या शर्टाच्या खिशातून चोरली. मला तेव्हा धड लिहितासुद्धा येत नव्हतं.”

आणि काय झालं असेल? टाळ्या! झकीनं मला मिठी मारली, बघा म्हणाला, काय हा माणूस, उस्तादांची लाज राखायला स्वतःला चोर म्हणवून घेतोय. वरून बायकांनी जीभ हलवत आनंदाचा लुलुकार केला. मी ओरडून सांगतोय, अहो खरंच चोरली, तसतशा टाळ्या वाढताहेत, कुणी पाठ थोपटतंय, कुणी पुढच्या महिन्यातल्या लग्नासाठी गाणं लिहून मागतंय. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो आणि उभ्या गल्लीत कुणाचा विश्वास म्हणून बसला नाही.

नाही, चुकलो. एकीचा बसला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, टाळ्या न वाजवता. मग तिनं ते पत्र घडी करून उस्तादांच्या हातात दिलं, डोक्यावरची ओढणी सावरली, आणि चालायला लागली.