बाराच्या आत रामजन्म

मंडळी, एक सांगा — राखणदारच घर पेटवायला लागला, तर काय करावं? हाकलावं? मग चोरांना आवतणच की! काय म्हणता काका, पोलिसात जावं? बसा, आख्यान पोटातलं आहे.

मिरजेकडे अच्युतबुवा पाटणकर म्हणून कीर्तनकार होते. आमच्याच पठडीतले — आवाज बेताचा, अभिमान भरपूर. त्यांना आतड्याचा आजार जडला. मुरडा, शौचातून रक्त. आणि आपला तर नेम, नारदाच्या गादीवर उभं राहिलं की आरतीपर्यंत उतरायचं नाही. म्हणून बुवा आदल्या दिवसापासून उपाशी! लोक म्हणत, केवढं वैराग्य! वैराग्य कसलं? धास्ती होती ती.

बायको शालनताई, त्यांनी बुवांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "बुवा, आतड्याच्या अस्तरापाशी शरीराचे राखणदार असतात. जंतू आला की ते प्रथिनांच्या हाती एकमेकांना निरोप धाडतात — धावा, मारा. त्यातल्या एका निरोप्याचं नाव टीएनएफ. तुमच्या पोटात शत्रू नसला तरी निरोप थांबत नाहीत. त्या मारामारीत तुमचंच अस्तर सोलून निघतंय."

"म्हणजे हा टीएनएफ कीर्तनकारच," बुवा म्हणाले. "एकदा सुरू झाला की आवरत नाही."

शालनताई हसल्या नाहीत.

इंजेक्शन सुरू झालं. ते निरोप्याला वाटेतच धरून ठेवी. रक्त थांबलं, बुवा पुरणपोळी खाऊ लागले. आणि आपल्यासारख्यांना बरं वाटलं, की नको ती अक्कल सुचते! रामनवमीच्या दोन-तीन महिने आधी बुवा म्हणाले, "आता सुई कशाला? हा नामाचा प्रताप." ताई म्हणाल्या, "बाईंना विचारा तरी." बुवांनी विचारलं नाही, सुई मात्र बंद केली.

रामनवमीला देऊळ भरलं. बुवा दशरथाच्या यज्ञापाशी आले — आणि पोटात कळ! रामजन्म व्हायचा बाराच्या ठोक्याला. अजून साडेअकराही नाहीत. बुवांनी दशरथाला घाई केली. पायस एका घोटात संपवलं, तिन्ही राण्यांचे डोहाळे एका श्वासात! लोक खूश, काय रंगलंय! गादी सोडावी तर नेम मोडतो, न सोडावी तर... मंडळी, धोतर पांढरं होतं हो.

शालनताईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. उठल्या, पाळण्याची दोरी धरली आणि पाळणा म्हणायला लागल्या. बायकांनी सूर धरला, गुलाल उडाला. विश्वस्त घड्याळ दाखवीत ओरडले, "अहो, अजून बारा वाजायचेत!"

"आमचे वाजलेत," ताई म्हणाल्या. "सरका तुम्ही."

बुवा धावले.

संध्याकाळी दवाखान्यात सलाईन लावलेल्या बुवांनी विचारलं, "नाम कमी पडलं का हो?"

बाई म्हणाल्या, "नाम घ्या की. पण सुई नको, हे रामानं सांगितलं की तुम्ही ठरवलं? फार रक्त गेलंय बुवा. असंच चाललं तर आतडं काढावं लागेल."

बुवा रडले. ताईंना म्हणाले, "मला उठायची लाज वाटत होती गं."

"तुम्हाला लाज वाटत होती," ताई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही आता जाता."

तर मंडळी, राखणदाराला हाकलायचं नाही, त्याची हाकाटी आवरायची. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं औषध सोडायचं नाही. आणि खरं सांगू? मध्येच कोणी उठलं की माझाही पारा चढतो. वाटतं, कीर्तन पडलं! आजही तुमच्यात कोणीतरी पोट दाबून बसलं असेल, माझ्या भिडेपायी. उठा बाबांनो. शेजारच्यांनो, जरा पाय आवरा. राम रागावत नाही, आणि बुवाला कोण विचारतो?