सन १६११ च्या नाण्याची तक्रार मागे घेणेबाबत

मी, एकहार्ट झीरफोगेल, वय ६६, धंदा – तांब्याच्या खाणीतून निवृत्त, राहणार मान्सफेल्ड, जर्मनी, आज १४ ऑक्टोबर २०११ रोजी समक्ष हजर राहून सांगतो की,

मी चाळीस वर्षांपासून जुनी चांदीची नाणी जमवतो. त्यांत सन १६११ चे, आमच्याच गावच्या टांकसाळीतले एक आहे. त्यावर घोड्यावरचे संत जॉर्ज अजगराला मारताना दिसतात. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात एका सैनिकाच्या खिशातल्या अशा नाण्याने गोळी अडवली, असे म्हणतात. तेव्हापासून लढाईवर जाणारे ते छातीशी बाळगत. माझे नाणे मी तळहाताच्या फोडासारखे जपले. कडेनेच धरायचे, हा माझ्या घरातला कायदा.

मुलगा फाल्क, वय २६, सैन्यात होता. तो अफगाणिस्तानला निघताना बायको गुद्रून म्हणाली, "अहो, ते नाणं देता का त्याला?" मी म्हणालो, "चारशे वर्षांची वस्तू आहे, घामात खराब होईल."

तो ३ सप्टेंबरला गेला. १० तारखेला नाण्याचा खण रिकामा दिसला. ११ तारखेला मी याच ठाण्यात चोरीची तक्रार दिली व संशयित म्हणून फाल्कचे नाव सांगितले. रागाच्या भरात त्याला फोनवरही नाही नाही ते बोललो. तो म्हणाला, "मला खरंच माहीत नाही, बाबा. शोधतो."

२४ तारखेला टपालाने नाणे आले, लोकरी मोज्यात गुंडाळलेले. मी आधी भिंग घेतले, चिठ्ठी नंतर वाचली. "आईनं बंडीत शिवलं होतं. तिला बोलू नका. बघा बाबा, ओरखडासुद्धा नाही."

२ ऑक्टोबरला फाल्क मारला गेला. गोळी छातीत डावीकडे लागली.

नाण्याने गोळी अडत नाही, हे मला कळते. बायकोलाही तेच सांगितले. ती म्हणाली, "तुम्हाला काय माहीत? राहू दिलंत कुठं त्याच्यापाशी?" त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. फाल्कने काही चोरले नव्हते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. ११ सप्टेंबरच्या कागदावरून मुलाचे नाव खोडावे, अशी मी विनंती केली. नोंद झालेले नाव खोडता येत नाही, असे मला समजावून सांगण्यात आले. समजले म्हणून सही करतो.