अंगठ्याचा कागद

माझ्या आठवणीवर माझाच फारसा विश्वास नाही. पण तो कागद मीच लिहिला होता, एवढं नक्की. वकिली शिकून मी नुकताच मलकापूरला परतलो होतो. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या बायांची पोरं आमची गयामावशी घरी सांभाळायची. तिनं विचारलं, "दुसऱ्याचं पोर माह्या घरी पडलं, तर त्याचा विमा निघते का बे?"

असा विमा मी कधी ऐकला नव्हता. म्हणून लिहून दिलं, काही झाल्यास मावशी जबाबदार नाही, आणि आयांना ते वाचून दाखवून त्यांचे अंगठे घेतले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी त्याच बायांपैकी सखूचं तान्हं उठेना. हलवलं, तोंडावर पाणी मारलं, तरी डोळे मिटलेलेच. मी कागद शोधू लागलो.

मावशी म्हणाली, "कागद काऊन शोधून राह्यला, वकील? डाक्टरले आण."

संध्याकाळी पोर रडलं, तेव्हा मीही रडलो. सखूला काही विचारायचा धीर मात्र झाला नाही.

तो कित्येक वर्षांनी झाला. सखू म्हणाली, "पोर निजून राहावं म्हणून अफूची बाळगोळी रोज एकच देत होती मी. अंगठा देल्ला अन् भ्या वाटलं, आता पोराले कोणीच जिम्मेदार नाही. म्हणून त्या दिवशी दोन देल्ल्या. हाललंच नाही, तं पडन कसं?"